स्वयंपाकघर नवं करताना पैसे कुठे घालावेत

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात पहिल्यांदा येतो तो लॅमिनेटच्या नमुन्यांचा गठ्ठा. रंग कोणता, चकचकीत की मॅट, वरच्या कपाटांना काच लावायची का, यात दोन-तीन रविवार जातात. मग कोटेशन येतं, आकडा आवाक्याबाहेरचा असतो आणि काटछाट सुरू होते. ती नेमकी न दिसणाऱ्या गोष्टींवर होते. जुनी पाइपलाइन राहू दे, वायरिंग चालतंय की, सिंकखाली साधं प्लाय घाला. एक-दोन पावसाळे गेले की सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगतो, दार लागेनासं होतं, खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओलावा दाखवायला बोलावतात आणि नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

सत्तर-ऐंशी चौरस फुटांचं किचन आणि मोजके पैसे असतील तर खर्चाचा क्रम मी असा लावतो. जे एकदा बसवल्यावर फोडल्याशिवाय बदलता येत नाही, त्याचे पैसे आधी बाजूला काढायचे. भिंतीतल्या नळाच्या पाइप, सांडपाण्याचा निचरा, वायर, टाइल्स आणि ओट्याचा दगड या गोष्टी त्यात आल्या. दारं, हँडल, वरची कपाटं, चिमणी, दिवे हे सगळं वर्षभरानंतरही एका दुपारी बसवता येतं. ते उरलेल्या पैशांत आणि उरलेले नसतील तर पुढच्या बोनसवर.

पहिला निर्णय सिंकच्या जागेचा. तो जमेल तोवर हलवूच नये. आपल्या इमारतींत सांडपाण्याची पाइप डक्टमधून खाली जाते आणि सिंक सहसा त्या डक्टला लागून असतो. तो समोरच्या भिंतीवर नेला की पाणी डक्टपर्यंत परत आणावं लागतं, तेही उतार देऊन. प्लंबर साधारण ४० इंचांना १ इंच उतार धरतात. सिंक ८ फूट लांब नेला तर ९६ इंचांवर जवळजवळ अडीच इंचांचा उतार लागला, शिवाय पाइपची स्वतःची जाडी. म्हणजे एक तर लादी उचलून घ्यायची किंवा पाइप कपाटांच्या आतून फिरवून ट्रॉल्यांची जागा खायची. उतार कमी पडला तर तेलकट पाणी आणि भाताची शितं पाइपमध्ये बसून राहतात आणि तुंबणं कायमचं मागे लागतं. शेगडी मात्र खुशाल हलवा. सिलिंडरवर असाल तर ती हलवण्यात फारसं काही अडत नाही. पाइप गॅस असेल तर लाइन गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवून घ्यायची, ती टाइल्सच्या आत गाडायची नाही आणि त्यासाठी अर्ज काम सुरू होण्याच्या बराच आधी करायचा.

पुण्याकडच्या बऱ्याच फ्लॅटना किचनला लागून ड्राय बाल्कनी असते. भांडी घासायची जागा तिथे असेल तर आतला सिंक लहान घेतला तरी चालतो आणि ओट्यावर दीड-दोन फूट मोकळे मिळतात. ड्राय बाल्कनी नसेल तर उलट करावं. सिंक मोठा, खोल आणि एकाच भांड्याचा घ्यावा. दोन भांड्यांचा सिंक शोरूममध्ये छान दिसतो, पण त्यात आपली कढई आणि पाच लिटरचा कुकर आडवा होत नाही.

किचन लहान आहे म्हणून गैरसोयीचं आहे, हे खरं असायलाच हवं असं नाही. फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे ७० चौरस फूट. पुढच्या काही वर्षांत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ म्हणून त्याच आराखड्याकडे बोट दाखवलं जातं. त्यात किमती सामान फारसं नव्हतं. स्वयंपाक करणारी बाई किती पावलं चालते, कशासाठी वाकते, कशासाठी हात उंचावते याची बारकाईने केलेली मोजदाद होती. कोरड्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे लहान लहान खण होते, ते काढून थेट भांड्यात ओतता यावेत अशा आकाराचे.

ही मोजदाद घरी फुकट करता येते. ठेकेदार बोलावण्याआधी आठवडाभर घरातल्या स्वयंपाकाकडे नुसतं लक्ष ठेवा. कणीक कुठे मळली जाते? पोळपाट ठेवल्यावर शेगडीपर्यंत हात सहज जातो का, की लाटलेली पोळी घेऊन एक पाऊल सरकावं लागतं? पोळ्या लाटण्यासाठी शेगडीच्या शेजारी, लाटणाऱ्याच्या सोयीच्या बाजूला, निदान २ फूट मोकळा दगड हवा. मिक्सर रोज उचलून आणावा लागतो का? वर्षाचे गहू-तांदूळ भरत असाल तर कोठ्या किती आणि किती उंच? लोणच्याच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे, सणावारीच लागणारं मोठं पातेलं, पुरणयंत्र, सोऱ्या यांना घर कुठे आहे? सगळे डबे एकदा जमिनीवर मांडून त्यांची उंची टेपने मोजा. कॅटलॉगमधल्या ड्रॉवरची उंची परदेशी ताटल्या-वाट्यांच्या हिशेबाने ठरलेली असते. त्यात आपला दहा किलोचा पिठाचा डबा बसत नाही आणि शेवटी तो ओट्यावरच राहतो.

ओट्याची उंची हा असाच विषय. ठरावीक मापाच्या विदेशी किचनची उंची ३६ इंचांच्या आसपास असते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईसाठी ती जास्त आहे. ३६ इंचांवर पोळ्या लाटताना खांदे वर उचलले जातात, कारण लाटण्यावर वरून भार द्यावा लागतो. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपराची उंची मोजायची आणि तिच्यातून ४ ते ६ इंच वजा करायचे. बहुतेक घरांत उत्तर ३२ ते ३४ इंच येतं. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. ओट्यावर ठेवलेली शेगडी स्वतः ४-५ इंच उंच असते, तिच्यावर कुकर, म्हणजे ढवळण्याची उंची आणखी वर जाते. त्यामुळे दोन मापांमध्ये मन अडकलं तर कमी उंचीचं माप निवडावं. आणि मोजायचं ते घरात जो कोणी जास्त वेळ ओट्यापाशी उभा राहतो त्याचं कोपर. ठेकेदाराला मात्र आकडा सांगताना 'तयार लादीपासून तयार दगडाच्या वरच्या कडेपर्यंत' असं सांगा. लादीवर लादी बसवल्यावर ओटा अर्धा-पाऊण इंच बुटका होतो.

आता भिंतीच्या आतलं. इमारत पंचवीस-तीस वर्षांची असेल तर आतल्या पाइप बहुधा लोखंडी, जीआयच्या असतात. त्या आतून गंजून अरुंद होत जातात, म्हणून नळाची धार बारीक होते. टाइल्स काढल्याच आहेत तर या पाइप बदलल्याशिवाय नव्या टाइल्स लावू नयेत, बजेट कितीही ताणलेलं असो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी लागते. साधी यूपीव्हीसी थंड पाण्यापुरतीच. फिल्टरसाठी एक पॉइंट आणि त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याला सिंकच्या निचऱ्यात जागा आताच ठेवावी. प्लास्टर करण्यापूर्वी सगळी तोंडं बंद करून प्लंबरला पंपाने दाब द्यायला सांगा आणि दाब काही तास टिकतो का ते स्वतः उभं राहून पाहा. मग प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, पाइपला टेप लावून, म्हणजे कोपऱ्यापासून किती इंचांवर आणि जमिनीपासून किती उंचीवर लाइन गेली आहे ते फोटोतच दिसेल. पुढे कधी मसाल्याच्या रॅकसाठी भिंतीला ड्रिल लावायची वेळ येईल तेव्हा हे फोटो उघडायचे.

विजेचंही तसंच. जुन्या किचनमध्ये मिक्सरपुरता एक ६ अँपिअरचा प्लग असायचा. आज २००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर घेते, ३००० वॉटचा गीझर १३. हे ६ अँपिअरच्या प्लगचं आणि त्यामागच्या बारीक वायरचं काम नाही. ओट्यावर निदान दोन १६ अँपिअरचे प्लग हवेत, मोठ्या उपकरणांना मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी हवा, आणि ओल्या हातांची जागा असल्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. वायर चांगल्या कंपनीची घेतली म्हणून एकूण खर्चात फार फरक पडत नाही. प्लग सिंकपासून लांब, शेगडीच्या डोक्यावर नाहीत आणि मिक्सरची वायर आगीवरून जाणार नाही अशा जागी असावेत. जागा ठरवताना वायरमनबरोबर घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाने उभं राहावं. खडूने भिंतीवर चौकोन काढून, मिक्सर हातात धरून पाहावं.

सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या कपाटाला तळाशी जाळी किंवा भोकं हवीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साचतो, वरची जाळी कामाची नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर, सिलिंडर उभाच, नळी दीड मीटरपेक्षा लांब नाही आणि ती कपाटाच्या मागे दिसेनाशी होता कामा नये. नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ती दिसली तरच बदलायची आठवण राहते. ओट्याचा दगड कापून आत बसवायचा हॉब घेण्याचा मोह मी तरी टाळेन. तो बिघडला की त्याच मापाचा दुसरा शोधावा लागतो, कारण दगडातलं भोक बदलत नाही. साधी शेगडी उचलून दुसरी ठेवता येते.

दगडाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या स्वयंपाकाचा त्याच्याशी रोजचा झगडा आहे. लिंबू, चिंच, आमसूल, ताक ही सगळी आम्लं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की त्याची झिलई खाल्ली जाते. लिंबाची फोड रात्रभर राहिली तरी सकाळी निस्तेज डाग दिसतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसून झिजलेला दगड असतो. कडप्पाही चुनखडीच्याच जातीचा, म्हणून ओट्याच्या वर तोही नको. कृत्रिम क्वार्ट्झ आम्लाला दाद देत नाही, पण त्यात रेझिन असतं आणि आपण तर गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ओट्यावर ठेवतो. आम्ल, उष्णता, हळद आणि बत्त्याचे घाव हे सगळं सोसून किमतीतही परवडणारा दगड म्हणजे गडद ग्रॅनाईट. निवडताना त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थेंबांखाली दगड काळवंडला तर तो पाणी पितो आहे. ग्रॅनाईटचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो, पण कडेची गोलाई रनिंग फुटावर आणि सिंकचं भोक वेगळं लावलं जातं, ते आधीच विचारून घ्यावं. कडेच्या खालच्या बाजूने एक बारीक खाच मारून घ्यायला विसरू नका. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी सुटून खाली पडतं, नाहीतर ते दगडाच्या पोटाखालून मागे सरकून ट्रॉलीच्या दारांवर उतरतं.

ओट्यावर नको म्हटलेला कडप्पा ओट्याखाली मात्र सोन्यासारखा आहे. बजेटमधल्या किचनसाठी मला सगळ्यात पटणारी रचना आपल्याकडची जुनीच आहे. ग्रॅनाईटखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या, त्यांच्यामध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि समोर फक्त दारं. पूर्ण मॉड्युलरमध्ये प्रत्येक कपाटाची पेटी प्लायची किंवा बोर्डाची असते. इथे पेटीच दगडाची. ती पाण्याने फुगत नाही, वाळवी तिला लागत नाही आणि दहा वर्षांनी दारांचा कंटाळा आला तर नुसती दारं बदलता येतात. एकच काळजी घ्यायची. फळ्या बसवण्याआधी ट्रॉलीवाल्याला बोलावून त्याच्याकडून जमिनीवर खुणा करून घ्यायच्या. गवंडी आपल्या अंदाजाने कप्पे पाडतो आणि मग एका कप्प्यात तयार मापाची ट्रॉली अर्ध्या इंचाने बसत नाही, दुसऱ्यात तीन इंच वाया जातात. कप्पे काटकोनातही हवेत. फळी वरून खाली तिरकी असेल तर चॅनल अडकत चालतो.

लाकूडकाम करायचंच असेल तर प्लायचा दर्जा शिक्क्यावर वाचा. ज्याला बाजारात कमर्शियल प्लाय म्हणतात ते एमआर दर्जाचं, म्हणजे हवेतल्या दमटपणापुरतं. सिंकखाली ते टिकत नाही. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं बीडब्ल्यूपी प्लाय लागतं. ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याची चाचणी घेतलेली असते. सगळं किचन त्याचं करायची गरज नाही. पाण्याच्या दोन्ही बाजूंची कपाटं त्याची करा, वरची कोरडी कपाटं स्वस्तातली चालतील. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाण्यापासून लांबच बरे. आणि कुठलंही कपाट थेट जमिनीवर टेकवू नका. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते, सणाला धुतलीही जाते. ४ इंच उंच पाय आणि पुढे काढता येणारी पट्टी असेल तर खालून पुसता येतं आणि झुरळांना वस्ती करता येत नाही.

कोटेशन वाचणं ही यातली सगळ्यात पैसे वाचवणारी गोष्ट. एल आकाराचा ओटा घ्या, एक भिंत १० फूट, दुसरी ८. कोटेशनवर लिहिलेलं असतं १८ रनिंग फूट. पण ओटा २ फूट खोल आहे, म्हणजे कोपऱ्यातले ते २ फूट दोन्ही भिंतींत मोजले गेले. प्रत्यक्ष कपाटं १६ फुटांची. दर समजा रनिंग फुटाला ६,००० रुपये धरला, तर १२,००० रुपये कोपऱ्यातल्या मोजणीत गेले. त्यासाठी मोजणी कशी केली हे विचारा आणि दर रनिंग फुटाऐवजी समोरच्या दारांच्या चौरस फुटांवर मागा. मग पुढचे प्रश्न. आतून लॅमिनेट आहे की नुसता रंग? प्लायची जाडी किती? बिजागऱ्या, चॅनल, हँडल, सिंक, नळ, वाहतूक, बसवणावळ आणि जीएसटी यांपैकी आत काय आणि बाहेर काय? दोन ठेकेदारांचे शेवटचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. दोघांना एकाच कागदावर, एकाच यादीपुढे दर लिहायला लावले की कळतं.

पैसे वाचवायच्या जागाही आहेत. ड्रॉवर आणि ट्रॉली महाग, दाराआडचा साधा खण स्वस्त. रोज लागणारं तेवढं ट्रॉलीत, वर्षातून चारदा लागणारं खणात. कोपऱ्यातून फिरून बाहेर येणारी यंत्रणा आकर्षक असते, पण तिच्या किमतीत इतर दोन-तीन ट्रॉल्या होतात. कोपऱ्यात सिलिंडर किंवा कोठी ठेवली की तो प्रश्न मिटतो. भिंतीच्या जुन्या टाइल्स ठोकून पाहाव्यात. आवाज भरीव येत असेल तर त्यांच्यावरच टाइल्सच्या केमिकलने नव्या लावता येतात, तोडफोड आणि राडारोडा वाचतो. बद्द आवाज आला तर मात्र काढाव्याच लागतात, आणि पाइप बदलायच्या असतील तर हा मार्ग अर्थातच बंद. टाइल्स साध्या घ्या, पण सिंकमागे आणि शेगडीमागे सांधे इपॉक्सीने भरा. पांढऱ्या सिमेंटचे सांधे फोडणीच्या तेलाने पिवळे पडतात. चिमणी आत्ता परवडत नसेल तर खिडकीत चांगला एक्झॉस्ट पंखा लावा आणि चिमणीसाठी ६ इंचांच्या पाइपचं भोक आणि प्लग तेवढा करून ठेवा. डक्टशिवाय चालणारी चिमणी घेऊ नये. ती वास आणि तेल थोडंफार गाळून हवा परत घरातच सोडते.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवणं, कामाच्या वेळा पाळणं, तुळई आणि कॉलमला हात न लावणं हे ओघाने आलंच. राडारोड्याच्या गाडीचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का पाहा, मुंबईत महापालिकेची डेब्रीज ऑन कॉल सेवा आहे. मुहूर्ताचं म्हणाल तर प्रत्येकाला गणपतीच्या आत नाहीतर दिवाळीच्या आत किचन हवं असतं. त्या काळात चांगले कारागीर एकाच वेळी चार ठिकाणी अडकलेले असतात आणि पावसाळी हवेत प्लास्टरही सुकत नाही. दिवाळी झाल्यावर सुरू केलेलं काम निवांत होतं. कामाचे दिवस ठेकेदार सांगेल त्यापेक्षा जास्त धरा आणि त्या दिवसांतलं बाहेरचं जेवणही बजेटमध्ये लिहा. एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के कुठल्याही नावावर न टाकता बाजूला ठेवा, कारण जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही. ट्रॉल्यांचं अंतिम माप टाइल्स लागल्यावरच घ्यायचं. प्लास्टर आणि टाइल मिळून प्रत्येक भिंत इंचभर पुढे येते, आधी घेतलेलं माप हमखास चुकतं.

ठेकेदाराला पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा. काम संपल्याचं तो सांगेल त्या दिवशी सिंकला बूच लावून तो काठोकाठ भरा आणि एकदम सोडून द्या. थेंब-थेंब पाण्यात न दिसणारी गळती या लोटात दिसते. खाली वाकून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा, ओल लगेच उमटते. इंडक्शन, मिक्सर आणि गीझर एकाच वेळी चालू करून पाहा, एमसीबी पडतो का आणि प्लग गरम होतो का. आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबा. सगळ्या ट्रॉल्या भरलेल्या डब्यांसकट ओढा, रिकामी ट्रॉली प्रत्येकच छान सरकते. त्यानंतर पंधरा दिवस रोजचा स्वयंपाक करा आणि मग उरलेले पैसे द्या.